देवघरातली जादा घंटा

२९ सप्टेंबर, सोमवार

जमलं! घंटा वाजवली आणि अख्खा कळप माझ्याकडे आला. चालत नाही — पळत!

इतके दिवस 'हो हो, यल्ला यल्ला' करून घसा बसला होता. रोज सकाळी करंटची तार पुढे सरकवायची, जनावरांना ताज्या गवताच्या पट्ट्यात घ्यायचं, खाल्लेल्या पट्ट्याला महिनाभर विश्रांती. कॉलेजात हे सगळं शिकवलं. पण जनावरांना कोण शिकवणार? म्हणून आईच्या देवघरातली जादा घंटा पळवली. पितळी, बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत घेतलेली. घंटा म्हणजे नवं गवत, एवढं आता त्यांना पक्कं कळलंय.

सगळ्यांच्या पुढे चौदा नंबर. तरणा खोंड, कानात पिवळा बिल्ला, जीभ बाहेर. हावरट मेला.

फार्म नबिलाचा आणि तिच्या बाबांचा. ती पिकअपवर बसून टाळ्या वाजवत होती. 'मुग्धा, तू तो जादूगर निकली.' धैदच्या फार्मवरून अल नहदातल्या घरापर्यंत गाडीत एकटीच गात आले.

२ ऑक्टोबर

आई घंटा शोधतेय. आळ बाबांवर. बाबा गरीब गाय होऊन पेपर वाचतायत. त्यांना सगळं माहीत आहे.

५ ऑक्टोबर

'एवढ्या गाई आणि घरात दुधाचा थेंब नाही?' — इति आई.

तिच्या डोक्यात आमचा फार्म दुधाचा. मी फक्त 'गाईंचा' म्हणाले होते, दूध तिचं तिने ओतलं. ही जनावरं मांसासाठी वाढवतात, हे तिला कळलं तर माझी नोकरी गेली. नोकरीच्या आधी मी.

मग काय, सुपरमार्केटमधून दोन बाटल्या घेतल्या, पार्किंगमध्ये किटलीत ओतल्या. आईने तापवलं, बाबांना हाक मारली. 'अहो, बघा, सायच वेगळी.' बाबा म्हणाले, 'वेगळीच.' मी बाथरूममध्ये जाऊन हसले.

११ ऑक्टोबर

मेले.

दरवर्षी वसुबारसेला बिल्डिंगमधल्या बायका आमच्याकडे चांदीच्या गाय-वासराची पूजा करतात. सोळाव्या मजल्यावर खरी गाय कुठून येणार? यंदा आईने परस्पर जाहीर करून टाकलं — आमच्या मुग्धाकडे खऱ्या आहेत, फार्मवर जायचं.

घाबरत नबिलाला विचारलं. ती नाचायलाच लागली. 'हबीबती, सबको लाओ.' म्हटलं, बाई गं, फक्त बीफ हा शब्द काढू नकोस. 'खलास, मैं गूँगी.'

१७ ऑक्टोबर, वसुबारस

अजून हसतेय. अक्षर बघ कसं येतंय!

उन्हं उतरल्यावर पोचलो. बायका नटूनथटून, मनोरमाकाकू तर थेट पैठणीत. एक शांत गाय तिच्या वासरासकट बाजूला बांधून ठेवली होती. आईने पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, हार घातला. पुढे बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. गाईच्या मानेवरून हात फिरवताना आईचे डोळे भरले. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून खऱ्या गाईला हात लावला नव्हता म्हणे.

मग आरती. आणि आईने पिशवीतून नवी घंटा काढली.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पलीकडच्या पट्ट्यातून कळप निघाला! तार, करंट, सगळं आडवं करून. बायका पळाल्या. मनोरमाकाकू पैठणी खोचून पिकअपवर चढल्या, कशा ते त्यांनाही आठवत नाही. आई मात्र ताट धरून जागच्या जागी. चौदा नंबर आला आणि नैवेद्याची भाकरी एका घासात फस्त.

'घंटा ऐकून आले हे?' आईने विचारलं. मग मी कबूल केलं, आधीची घंटा कुठे गेली ते. आई गवतात बसली आणि पोट धरून हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

उठून तिने चौदा नंबरलाही कुंकू लावलं. 'तू काही जावई आणत नाहीस. हेच आमचे जावईबापू. घंटा राहू दे इथेच, चांगल्या कामाला लागलीय.'

मनोरमाकाकूंनी पिकअपवरूनच विचारलं, 'दुधाच्या फार्मवर एवढे खोंड कशाला गं?' गूँगी नबिला म्हणाली, 'आंटी, कंपनी के लिए.'

१८ ऑक्टोबर

आईच्या स्टेटसला जावईबापू. अल कुसैसच्या मावशीने विचारलंय, मुलगा काय करतो? आईने लिहिलं — खातो.

रात्री नबिलाचा मेसेज. सोमवारी ट्रक येतोय, पहिली खेप. कोणते नंबर ते तिचे बाबा ठरवतील. वाचला आणि फोन उलटा ठेवला.

२० ऑक्टोबर

पहाटे अभ्यंगस्नान, मग फार्म. ट्रक उभा होता, फळी टाकलेली. एकही जनावर चढेना. नबिला माझ्याकडे न बघता म्हणाली, घंटा वाजव.

वाजवली. चौदा नंबर सगळ्यांच्या पुढे पळत आला. कपाळावर कुंकू अजून होतं.

घरी आईने फराळाचं ताट पुढे केलं. 'जावई काय म्हणतो?' सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. आईने ताट खाली ठेवलं.

मग म्हणाली, 'माझी घंटा परत आण.'