म्हशीनं तोंड लावलं नाही

मंगळवार, संध्याकाळ

पाय दुखताहेत. अंगाला अजून भिजल्या धानाचा आंबूस वास आहे.

राइस मिलमध्ये धान भिजवून उरलेलं काळपट पाणी आज पहिल्यांदा नितळ झालं. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, बियांची पूड टाकली, गाळ खाली बसला, वरचं पाणी कोंड्याच्या राखेतून गाळलं. शेठनी बाटली उजेडात धरली. "एकदम मिनरल वॉटर, मॅडम. अब दुसरी टाकी कायले बांधायची?"

दिसायला नितळ, एवढंच. पाण्यात विरघळलेली घाण तशीच आहे, तिच्यासाठीच तर दुसरी टाकी. बोलले का मी? नाही. सांगून सांगून थकले, की नोकरीची भीती? दोन्ही असेल.

मग रतिरामकाका आले. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, मिलच्या नालीला लागून, आणि बियाही त्यांच्याच झाडाच्या. स्वतः सोलून, निवडून आणतात. त्यांनी त्या पाण्याची बादली म्हशीपुढे ठेवली. तिनं हुंगलं आणि मान फिरवली.

"पानी त साफ दिसून राह्यलं, मॅडम. मंग म्हैस काऊन तोंड नाही लावत?"

शेठ बाजूलाच उभे होते. मी बाटलीकडे बघत राहिले.

शेवटी काकाच म्हणाले, "माह्याच बिया कमी पडल्या असतीन. उद्या आनखी आनतो."

बिया जास्त झाल्या तर पाणी उलट लवकर सडतं. हे मला माहीत आहे. म्हशीची ती फिरलेली मान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी म्हणाले, "आणा, काका."