खाली ठेवण्याचं काम

ब्रह्मपुरी
१८ फेब्रुवारी १९८६

प्रिय कांता,

तुझा निरोप मिळाला. डोमा घरी बसून कुढतो आहे, त्याची कंपनीतली जागा राखून ठेव, असं तू सांगून पाठवलंस. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण ते तुला पटलं नसतं. म्हणून सविस्तर लिहितो. पोस्टात टाकलं तर पत्र डोमाच्या हाती पडेल, म्हणून बांगड्यावाल्या आशाबाईजवळ देत आहे. तू चौथी शिकलीस, त्यामुळे अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. देवाजीभाऊंच्या फ्री-स्टाईल कुस्ती कंपनीत मी ताडपत्री अंथरतो आणि ढोल वाजवतो, एवढंच तुला माहीत आहे. ते खरं आहे, पण खेळ सुरू होईपर्यंतच. जाहिरातीत ज्याला 'पंजाबचा जोरावर' म्हणतात, तो काळा बुरखा घालून डोमाचे केस ओढणारा, पंचाची पाठ फिरली की पोटात गुडघा मारणारा, तो मी आहे. मागच्या वर्षी धानोऱ्याला तू बायांच्या बाजूने पुढे आलीस, "मेल्या, सोड माह्या घरधन्याले!" असं ओरडलीस आणि मातीचं ढेकूळ फेकलंस. ते माझ्या कानावर बसलं. नंतर जेवताना तूच विचारलंस, "भाऊ, कानाले काय झालं?" मी म्हटलं, ढोलाची काडी लागली. नेम चांगला आहे तुझा.

तेव्हा तू समजलीच असशील की कोण जिंकणार हे आमचं आधी ठरलेलं असतं. पण पडणं ठरवून मऊ होत नाही. फळ्यांखाली आम्ही भाताचं तणस भरतो, वर ताडपत्री ताणतो, आणि तरीही फळी ती फळीच. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, आणि पूर्ण पाठ एकाच वेळी टेकली पाहिजे. डोकं आधी टेकलं की संपलं. लोकांना वाटतं, जोरावर डोमाला डोक्यावर उचलून आपटतो. खरं तर डोमा स्वतःच उडी घेतो, मी फक्त त्याची उडी झेलून शेवटपर्यंत धरून ठेवतो. उचलणाऱ्याचं खरं काम खाली ठेवण्याचं असतं. मी प्रत्येक खेळाआधी फळ्यांवर चालून बघतो, दोर ओढून बघतो, आणि लोक बसायच्या जागेवरचे दगड-विटांचे तुकडे वेचून टाकतो. डोमा हसतो. म्हणतो, "अबे सुकलू, तू पहिलवान होय का सासू?"

मला बोलायची मनाई आहे. तोंड उघडलं की पंजाब संपला. एकदा अहेरीला पाय मुरगळला आणि मी "अवं माय!" म्हणून ओरडलो. पुढचा एक म्हातारा उठून म्हणाला, "हा त आपल्याच इकडचा होय ना बे!" देवाजीभाऊंनी लगेच भोंग्यावर सांगितलं, "पाहा मंडळी, तीन महिने आपलं मीठ खाल्लं, मराठी शिकला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी दात आवळून खेळतो.

लोकांचं मला आता बरंच कळतं. ते ताकद बघायला येत नाहीत. मी लबाडी करतो ती पंचाला दिसत नाही आणि त्यांना दिसते, यातच त्यांचा जीव अडकतो. घरी, शेतावर, कचेरीत जे सांगता येत नाही ते इथे उभं राहून ओरडून सांगता येतं. पण त्या ओरडण्याला एक काठ असतो. तो ओलांडला की तीच माणसं दोराच्या आत येतात. मी त्यांना काठापर्यंत नेतो आणि डोमा त्यांना परत आणतो. त्याने मला चीत केलं की सगळे शांत होऊन घरी जातात.

मार खोटा असेल तेव्हा माणूस मोठ्याने विव्हळतो. खरा लागला की आवाजच निघत नाही, आणि लोकांना नेमकं तेच कळत नाही. दिवाळीनंतर आरमोरीला मंडईची जत्रा भरते, तिथे तसंच झालं. डोमाने नेहमीप्रमाणे लोकांना चेव आणायला बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. ताडपत्री ओली झाली. उडी घेताना त्याचा पाय घसरला, तो अर्धाच वर आला आणि माझ्या हातातून मानेवर गेला. आमची एक खूण आहे. पडल्यावर मी त्याच्या पंजावर दाब देतो. त्याने उलट दाब दिला की खेळ पुढे. मी दाब दिला, उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. तो हळूच म्हणाला, "डावा हात नाई उठून राह्यला बे." दोराबाहेरून पोरं हसत होती, "उठ ना डोमा! भात नाई खाऊन आला का?"

मी त्याच्याशेजारी पडलो, त्याचा हात ओढून माझ्या छातीवर ठेवला आणि पंचाला डोळ्यांनी खुणावलं. त्याने मोजलं, डोमा जिंकला. मला वाटलं, सुटलो. पण जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, हे मी विसरलो होतो. वीसपंचवीस जण दोर वाकवून आत आले. एकाने त्याचे पाय धरले, एकाने काखेत हात घातले. मान तशी लोंबत असलेल्या माणसाला ते उचलणार होते. "थांबा, त्याला लागलं आहे," म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, जोरावरचं कोण ऐकणार? मग मी उठलो, सगळ्यात पुढच्या माणसाचा फेटा ओढला, तो पायाखाली तुडवला आणि पळालो. डोमाला सोडून सगळे माझ्यामागे आले. तेवढ्यात देवाजीभाऊंनी त्याला फळीवर घेऊन जीपमध्ये घातलं. माझे पुढचे दोन दात सायकलवरून पडून गेले असं मी तुला सांगितलं होतं. ते तिथे गेले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मानेच्या मणक्याला चीर आहे. वर्षभर ओझं उचलायचं नाही, आणि आणखी एक हिसका बसला तर हातपाय कायमचे जातील, असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. बाहेर आल्यावर डोमाने मला तुमच्या पोराची शपथ घातली की कांताला फक्त लचक भरली असं सांगायचं. देवाजीभाऊंशी भांडण झालं म्हणून घरी बसलो, ही कहाणी त्यानेच रचली. मी गप्प राहिलो. तो बरा होतो आहे, मग उगाच तुला कशाला घाबरवायचं, असंही वाटलं.

आज शपथ मोडतो आहे, कारण काल इथे भिंतींवर कागद लागले. शिवरात्रीच्या जत्रेत डोमा पहिलवान विरुद्ध जोरावर. डोमाने तुला न सांगता होकार कळवला आहे. तुमच्या गावात कोणीतरी त्याला "पंजाब्याले भेला" म्हणालं, ते त्याच्या मनाला लागलं आहे. मी देवाजीभाऊंना डॉक्टरांचं सांगितलं, तर ते म्हणाले, "तो सोता म्हणते मी चांगला हावो, मी काऊन अडवू? तू नाई उचलत त नागपूरचा एक गडी तयार आहे." तो गडी मी बघितला आहे. तो उचलतो जोरात, आणि मग सोडून देतो. म्हणजे मी नाही म्हटलं तर डोमा त्याच्या हातात जाईल, आणि हो म्हटलं तर माझ्या हातून. दोन्हीकडून माझ्याने काही होत नाही. आता फक्त तू उरलीस. शिवरात्रीच्या दिवशी, शनिवारी, तो तुला बियाणं आणायला जातो म्हणून सांगेल आणि सकाळच्या गाडीने निघेल. माझ्या सांगण्यावर विश्वास बसत नसेल तर त्याआधी एकदा पाण्याने भरलेला पितळी गुंड त्याच्या डाव्या हातात दे. काही विचारू नकोस, फक्त हाताकडे बघ. गुंड पडला तर त्याला हसू नकोस, रागावूही नकोस. सांडलेलं पुसून घे, हे पत्र त्याच्यासमोर ठेव, आणि शनिवारी गाडी निघून जाईपर्यंत पोराला घेऊन दारात बसून राहा. तुम्हा दोघांना ओलांडून तो जाणार नाही.

तुझाच भाऊ,
सुकलू