मयत नसताना म्हणायचं नाही

६ ऑक्टोबर

जेनेझिओ परत आलाय! सत्तावीस वर्षांनी! हे आधी लिही इवोनी, कॉफी नंतर पी.

मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारी राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या या बाईंना धरून बसवलंय. सगळं तारीखवार कागदावर हवं. हा माणूस इथून काहीतरी उचलून नेणार.

मागच्या वेळी त्यानं बँडच नेला. माझा वांदेर आणि हा, सोळा-सोळा वर्षांचे असताना माझ्या गॅरेजात सुरू केलेला, मेटल का काय म्हणतात तो. नाव काय, तर 'कोव्हा सेका' – कोरडी कबर! बारशाला मला विचारलं असतं तर बरं काही सुचवलं असतं. भिंतींना आवाजासाठी अंड्यांचे ट्रे चिकटवले, तेही मीच गोळा केलेले. वांदेर गिटार बडवायचा, जेनेझिओ गायचा. गायचा म्हणजे – डुक्कर कापताना मी ऐकलंय, डुक्कर सुरात असतं. पण कुठकुठल्या देशांतून पत्रं यायची. मग एक दिवस हा साओ पावलोला निघून गेला. आवाज गेला, बँड बसला. वांदेर बस चालवायला लागला.

आता म्हणे दोघं मिळून नवी रेकॉर्ड काढणार. वांदेर म्हणतो, "आजवरची सगळ्यात काळी, आई!" छप्पन वर्षांचा घोडा, पण डोळे कसे चमकतात त्याचे. म्हणूनच भीती वाटते. जेनेझिओ दुसऱ्यांदा सोडून गेला तर हा पोरगा उठायचा नाही.

७ ऑक्टोबर

जेनेझिओ टोपी काढत नाही. लोकरीची. या उकाड्यात! केसांचा केवढा तोरा होता, कमरेपर्यंत. टक्कल पडलं असणार. पडू दे.

९ ऑक्टोबर

चीजचे पाव केले. पूर्वी अख्खा ट्रे एकटा संपवायचा. आज एक घेतला, कुरतडला, उरलेला रुमालात बांधून खिशात. "नंतर खातो, मावशी." माझ्या हातचं नंतर? साओ पावलोनं जीभ नासवली याची.

१२ ऑक्टोबर

कळलं काय हवंय ते!

मी धुण्याच्या हौदापाशी होते. तो येऊन पायरीवर बसला. उगाच चिमटे मोजत.

"मावशी, माझी आजी गेली तेव्हा तुम्ही उशाशी उभं राहून मयताच्या ओव्या, त्या इन्सेलेन्सा, म्हटल्या होत्यात. आठवतं?"

"मग?"

"एकदा म्हणाल?"

"कोण मेलंय?"

"कोणी नाही."

"मग गप बस."

मयत नसताना त्या म्हणत नाहीत. एक, दोन, तीन अशा ओव्या मोजत बारापर्यंत जायचं, आणि तोंड उघडलं की बारा म्हणजे बारा. मधे थांबलं तर जीव दारातच अडकतो. आणि मयतच नसलं तर गाणं आपलं आपण कुणालातरी शोधायला निघतं. माझ्या आईनं मला असं शिकवलं, तिला तिच्या आईनं. आणि याला ते रेकॉर्डवर घालायचंय – दोन आरोळ्यांच्या मधे, लोणच्यासारखं!

वांदेरला विचारलं. "मला काही माहीत नाही, आई." खोटं बोलताना तो कान खाजवतो. आज खाजवला नाही. तरी पण.

१३ ऑक्टोबर

इवोनी म्हणते मी फार संशयी आहे. हे लिहू नकोस. – लिहिलंसच ना?

१६ ऑक्टोबर

फसले! त्यानं विचारल्यापासून गाणं तोंडात घोळत होतंच. चादर पिळता पिळता कधी सुरू झालं कळलं नाही. सातवर आले नि मान वळवली – चिमट्यांच्या टोपलीत त्याचा मोबाइल, लाल दिवा लागलेला. हा दाराआड.

"चोरा!" ओला टॉवेल भिरकावला. टोपी उडाली.

एक केस नाही. भुवयासुद्धा नाहीत. हे मी आज नीट पाहिलं.

त्यानं टोपी नाही उचलली. आधी मोबाइलवरचं पाणी पुसलं. "पुरं करा ना, मावशी. पाचच राहिल्या."

"चालता हो!"

१७ ऑक्टोबर

सकाळी बसनं स्मशानात गेले. उरलेल्या पाच नवऱ्याच्या कबरीशी म्हटल्या. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, उरलेलं का दिलंस म्हणून कुरकुरणार नाही. जिवंतपणी मात्र कुरकुरायचा.

त्या नसलेल्या भुवया डोळ्यांपुढून जात नाहीत.

१८ ऑक्टोबर

ऐन गोंगाटात गॅरेजात शिरले आणि वायरच उपटली.

"कधीपासून?"

जेनेझिओ खाली बघत म्हणाला, "मार्चपासून. पोटात आहे. डॉक्टरांनी हात टेकले."

वांदेरच्या हातून गिटार पडायची राहिली. त्यालाही आत्ताच कळत होतं.

"आणि माझं गाणं? विकणार होतास?"

"रेकॉर्डला आमची बोंब पुरे आहे, मावशी. ते माझ्यासाठी होतं. तिकडे माझं कोण आहे? हॉस्पिटलातून सरळ खड्ड्यात. खालच्या मजल्यावर एक बाई राहते, तिच्याजवळ मोबाइल देऊन ठेवणार होतो. वेळ आली की बटण दाबीन म्हणालीय."

बटण!

म्हटलं, "यंत्रातलं पोचत नाही, गाढवा. उशाशी माणूस उभं राहावं लागतं." त्यानं माझ्यासमोर मोबाइलमधलं ते गाणं पुसून टाकलं. मग वांदेर त्याला शिव्या देत राहिला, गळ्यात पडून, बराच वेळ.

वायर मी परत लावली. उलटी लावली म्हणे.

२१ ऑक्टोबर

जेनेझिओचं सामान आलं. मागच्या खोलीत ठेवलंय. तो आधी गेला तर मी आहेच. पण मी एक्याऐंशीची – मी आधी गेले तर माझ्या उशाशी तो उभा राहणार. आजपासून शिकवायला घेतलंय. नुसते शब्द. चाल लावायची नाही, नियम म्हणजे नियम. आणि चाल त्याला कधी जमलीय? चारपर्यंत पाठ झालं.