धुम्मस आणि मुळे

८ नोव्हें. ६७, मुर्धे
यंदा हे मिठागरावर गेले नाहीत. पायांच्या भेगा पावसाळाभर भरल्या नव्हत्या. मीच म्हटलं, बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली वाडी आहे, मुळा-माठ लावू, भाईंदरच्या बाजारात विकू. ‘बगू’ म्हणाले. यांचं ‘बगू’ म्हणजे होच. उद्या वसईला जातेय, ताईचं बाळंतपण.

१९ नोव्हें.
परत आले. माझ्यामागे यांनी वाडीत पाणी सोडून माती तुडवली, वरून मिठागरावरच्या जड लाकडी धुम्मसाने ठोकली. मिठाचा वाफा करतात, अगदी तशी! तिथे तळ घट्टच हवा, नाहीतर खारं पाणी मुरून जातं. इथे पाणी मुरायलाच हवं, हे ध्यानीमनी नाही.
‘कशी झाली? टिपूस जिरायचा न्हाय.’
चेहरा इतका खूश की ओरडता येईना. आत जाऊन चहा ठेवला. राग आला होता, हसूही.

२१ नोव्हें.
समजावलं. पटलं नाही. ‘बी पडू दे, मंग बोल.’ वरवर ओरखडून मुळ्याचं बी टाकलं. सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच. बगळा येऊन उभा राहिला. यांना काही बोलले नाही, बगळ्यालाच या बसा म्हटलं.

३० डिसें.
मुळे उपटले. बोटभर खाली गेलेत आणि तिथून आडवे वळलेत. जो उपटावा तो तसाच. हे जेवले नाहीत नीट. ‘मिठातच बरा व्हतो मी.’ रात्री यांच्या पायांच्या भेगांना खोबरेल चोळलं. वाडी पिकली नाही तर हे परत जाणार, नक्की.

६ जाने. ६८
सकाळी पहार घेऊन निघाले. काल माती मऊ व्हावी म्हणून पाणी सोडलेलं. अडवलं. ओल्यात खणून, तुडवून पुन्हा तेच होणार. बाबा मूठभर माती दाबून बघायचे. गोळा झाला आणि बोटाने फुटला, की वाफसा आला. यांनी दाबली. गोळा फुटेना. पहार ठेवून दिली.

१५ जाने.
वाफसा आला. खणतायत. वरची वीतभर माती फरशीसारखी निघतेय, खाली मात्र मऊ. बाबांची जमीन खाली शाबूत आहे. फार बरं वाटलं. शेणखत, भाताचं तूस घालतोय.

२० ऑग.
यंदा दुसरं काही लावलं नाही, सगळा ताग. आज फुलायच्या आधीच कापून खत म्हणून मातीत गाडला. त्याची मुळं उपटून बघितली, बरीचशी सरळ. काही अजून वाकडी.

६ ऑक्टो.
वाफे केले, मध्ये हातभर वाट. वाफ्यात पाय टाकायचा नाही, हा यांचाच कायदा. माझ्यावरच जास्त चालतो. मुळा पेरला.

१० नोव्हें.
मिठागराचा मुकादम स्वतः आला. ‘माणसं कमी हायत. येतोस ना?’
हे वाटेवर उकिडवे बसले, एका मुळ्याच्या पाल्याला हात घातला. उपटला नाही. ‘आठ दिस जाऊ दे, मुळा निघू दे, मंग सांगतो.’
मुकादमाने चहा घेतला. जाताना म्हणाला, निदान धुम्मस तरी दे.
‘न्हाय. वाट ठोकायची हाय.’
हातभर वाट. कधीच ठोकून झालीय.