जतच्या टँकरचा आलेख

सातारा,
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९९८

प्रिय स्वप्नाली,

तुझी उत्तरं तपासून सोबत ठेवली आहेत. या वेळी निळ्या शाईत तपासलीत, कारण तांबड्या शाईची बाटली फुटली आणि फरशीच्या सांध्यांतून तिचा रंग अजून निघालेला नाही. अक्षर तिरपं दिसेल. डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाहीये, सारखा सरकतो. त्याचं पुढे सांगते. आधी तुझ्या चुका, कारण शनिवारी तुझी परदेशी जायची इंग्रजीची परीक्षा आहे आणि त्याआधी तुला झापायची ही माझी शेवटची संधी.

‘द ग्राफ इज शोइंग’ हे तू पुन्हा लिहिलंस. अगं, कऱ्हाडपासून पलूसपर्यंतची सगळी पोरं हेच लिहितात आणि शाळेत जन्मभर मी हेच खोडत आले. ग्राफ काही आत्ता तुझ्यासमोर उभा राहून दाखवत नाहीये. साधं ‘शोज’ लिही आणि पुढे हो. आकडे चौऱ्याण्णव सालचे असतील तर पुढची वाक्यं भूतकाळात लिही, ते साल संपलं. एप्रिलमध्ये वीस टँकर होते आणि मेमध्ये चाळीस, तर ते विसाने वाढले किंवा वाढून चाळीस झाले. तू लिहिलंस चाळिसाने वाढले. जतच्या लोकांना तू वीस टँकर पाणी फुकट पाजलंस, बरं वाटलं असेल त्यांना, पण तुझे गुण जातील. आणि जानेवारीत इतके, फेब्रुवारीत इतके, मार्चमध्ये इतके असं कंडक्टरसारखं एकेक थांबा ओरडत जाऊ नकोस. सगळ्यात जास्त कधी, सगळ्यात कमी कधी, आणि मधे काय बदललं, तेवढं सांग.

पण या सगळ्या किरकोळ चुका. तुझ्या ज्या चुकीचा मला संताप येतो ती वेगळीच आहे. तो टँकरचा आलेख मी स्वतः पट्टी घेऊन तुझ्यासाठी काढला होता, आणि तू अर्धं पान काय लिहिलंस? पाऊस का पडत नाही, जतचे लोक किती सोसतात, मेंढरांचे कसे हाल होतात, सरकार काय करतं. शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी जपून वापरलं पाहिजे’ असा उपदेश, शाळेतल्या निबंधासारखा. मे महिन्यात टँकर सगळ्यात जास्त होते, हे एक वाक्य मात्र तुझ्या उत्तरात कुठेच नाही. कारण विचारलेलं नसतं, स्वप्नाली. समोर जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं. हळदीच्या आवकेचा आलेख दिला, तर तू व्यापाऱ्यांची बाजू घेतलीस. एसटीच्या प्रवाशांचा दिला, तर ड्रायव्हरची. तुला कुणाचाही आकडा खाली आलेला दिसला की त्याला सावरून घ्यायची घाई होते.

ही सवय तुला कुठून लागली ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी धनत्रयोदशीला आकारामने तुझी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लोटलं. एकदा लोटून मोडली नाहीत म्हणून खांदा लावून परत लोटलं. सरावाचे कागद सापडले एवढंच निमित्त. ज्या दवाखान्यात तू सिस्टर म्हणून दुसऱ्यांची हाडं बसवायला मदत करतेस, तिथेच प्लास्टर घालून घेतलंस आणि लिहून दिलंस की वाऱ्याने दार आपटलं. पाडव्याला त्याच हातात तबक धरून त्याला ओवाळलंस. मी आले तेव्हा तू मला काय सांगितलंस आठवतं? सूतगिरणी बंद पडली, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, मित्र वाईट भेटले, माझंही चुकलंच, कागद लपवायला हवे होते. अर्धा तास कारणं. त्याने माझी बोटं मोडली, हे वाक्य तू त्या दिवशीही बोलली नाहीस. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होते, आणि मला त्याला मारावंसं वाटत होतं. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मनात तसंच होतं.

तू सप्टेंबरमध्ये पुण्याला निघून गेलीस तेव्हा पलूसला तुझ्या आईने दोन दिवस अन्न सोडलं. तुझे तात्या मला म्हणाले, “शकुंतला, नवरा हाय, हात उठायचाच. म्हणून पोरीनं घर सोडायचं असतंय व्हय?” मी तेव्हा गप्प बसले, कारण वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही होती आणि ती कुणाला कळायला नको होती. पण तुझ्या आईला तू वसतिगृहाचं नाव आणि परीक्षेचा वार सांगितलास, आईने तात्यांना, आणि तात्यांनी जावयाला. त्यांना वाटलं, जावई जाऊन समजूत काढील. माणूस आपल्या लेकीच्या बाबतीत इतका आंधळा होऊ शकतो याचं मला आजही नवल वाटतं.

काल दुपारी आकाराम साताऱ्यात माझ्या दारात उभा राहिला. प्यालेला नव्हता, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे तुला ते कारण सापडायला नको. वसतिगृहाच्या बाई पुरुषाला आत सोडत नाहीत, मुलीला बाहेर बोलावायचं तर पालकच लागतो, हे त्याला कळलं होतं. म्हणून मी त्याच्याबरोबर पुण्याला यायचं आणि तुला फाटकाबाहेर बोलवायचं, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. त्याने तुझी उत्तरं उचलून भिरकावली, शाईची बाटली भिंतीवर फेकली, माझा डावा हात पाठीमागे पिरगाळला आणि खांद्यात काहीतरी करकरेपर्यंत सोडला नाही. मग त्याने हात सोडला, दम खाल्ला आणि चहा टाक म्हणाला. माझ्याच घरात, मला.

मी चहा टाकला. आलं ठेचायला लोखंडी बत्ता हातात घेतला. तो उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसला, पाय पसरून बूट घालायला लागला आणि शांतपणे म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मावशी, मी एकलाच जातो. फाटकावर बसतो. शनवारी परीक्षेला भाईर येईलच की. ह्या बारीला बोटं न्हाई, मनगटच ठिवत न्हाई. बघू कशानं लिवती ते.”

नाडी बांधायला तो खाली वाकला होता. मी दोन पावलं पुढे, त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर बत्ता घातला. तो वळला, माझं पातळ धरलं. मी दुसरा घातला, पहिल्यापेक्षा जोरात, त्याच जागी. हाड फुटल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. हेही लिहिते, कारण घडलं ते असंच घडलं. मग पातेल्यातला चहा उतू गेला, त्याखालचा गॅस मी आधी बंद केला आणि त्यानंतर शेजारच्या सुभेदार आप्पासोंना हाक मारली. आकाराम आता इथल्याच एका दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात दोन महिने तरी पाय जमिनीला टेकणार नाही. म्हणजे शनिवारी तो फाटकावर नसेल.

चौकीत हवालदार भला माणूस निघाला. त्याची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. तो म्हणाला, “बाई, झटापटीत लागलं आसं लिवू का? तुमच्या हाताला बी सूज हाय.” मी म्हटलं, झटापट नव्हती, तो पाठमोरा बसून बूट घालत होता, तसंच लिहा. त्याने पुन्हा विचारलं, मग मारलं का? मी सांगितलं, ते ज्याच्या बोटांवर झालंय तोच माणूस सांगेल. आप्पासोंनी जामीन दिला आणि संध्याकाळी मी घरी आले. खांद्याला शेक दिला आणि तुझी उत्तरं गोळा करून तपासायला बसले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. पोस्टाने पाठवत नाही, आप्पासो स्वतः पहाटेच्या गाडीने घेऊन निघताहेत. उद्या तात्या आणि तुझी आई तुझ्या फाटकाशी येऊन बसतील. नवरा दवाखान्यात विव्हळतोय, मावशी तुरुंगात जायची वेळ आलीय, आता तरी चल, असं म्हणून आई रडेल. ते सगळं खरं आहे, आणि तू यायचं नाहीस. वसतिगृहाच्या बाईंसाठी मी वेगळी चिठ्ठी दिली आहे, आप्पासो आणि मी सोडून कुणालाही त्या तुला भेटू देणार नाहीत. शनिवारी आप्पासो तुला रिक्षाने परीक्षेला नेतील आणि पेपर सुटेपर्यंत दारात उभे राहतील. पेपर लिही, जेव, झोप. मग रविवारी एक कोरा कागद घे. वकील म्हणतात, तुझा जबाब आला नाही तर म्हातारीने जावयाला विनाकारण मारलं एवढंच कोर्टाला दिसेल. दवाखान्यात तू वाऱ्याचं दार लिहून दिलं होतंस, ते आता दुरुस्त करायचं आहे. मराठीत लिही. गिरणी नको, मित्र नकोत, तुझी चूक नको, शेवटी उपदेश नको. दार कुणी लोटलं, किती वेळा लोटलं आणि त्याआधी लग्नापासून काय काय झालं, तेवढं लिही. परीक्षेत दीडशे शब्दांत आटपायचं असतं. इथे तुला हवी तेवढी पानं घे.

तुझीच,
शकुमावशी