ओळंब्यात दोष आहे

३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेचं काम संपवलं. आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो, व्हरांड्याच्या भिंतीवर एका रांगेत. फ्रेम माझ्या, टांगणीही माझी. बुडबुड्याची लेव्हल लावली नाही. कित्येक वर्षांत लावलेली नाही. लेव्हल ज्यांना डोळा नाही त्यांच्यासाठी असते. काम झाल्यावर हल्लीच्या मुख्याध्यापिका बाई बराच वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. कौतुकाने माणूस मुका होतो.

येताना डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी सुटली. दुकानात पोचल्यावर कळलं. हल्ली चपलांना पट्टे नावालाच असतात.

संकल्प: लेसचे बूट घेणे.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेतून बाईंचा फोन. म्हणाल्या, फोटो डावीकडे झुकलेत. विचारलं, किती? सगळे, म्हणाल्या. सगळे सारखेच? हो, अगदी सारखेच. ऐकून जीव भांड्यात पडला. सगळे सारखेच झुकले असतील तर टांगणी चोख आहे, भिंतच वाकडी आहे. तसं त्यांना समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या की मुलं व्हरांड्यातून माना तिरक्या करून चालायला लागली आहेत. मुलंच ती, म्हटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंची खात्री पटावी म्हणून ओळंबा घेऊन गेलो. भिंतीशी दोरी धरली, खाली वजन सोडलं. ओळंबासुद्धा वाकडा लोंबत होता. इतका वाकडा ओळंबा आयुष्यात पाहिला नाही. वारा असणार. दारं-खिडक्या बंद होत्या, पण वाऱ्याला फट पुरते. शाळेचा शिपाई म्हणाला, काका, ओळंबा कधी वाकडा लोंबत नसतो. त्याला म्हटलं, तू आपली घंटा वाजव.

संकल्प: नवीन ओळंबा घेणे.

८ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. तिचे गुडघे, तिची शेजारीण, परत गुडघे. मी ठणठणीत आहे म्हटलं. तर म्हणे, तुझा आवाज का असा जड येतोय? फोन जुना झालाय, म्हटलं. शेवटी नेहमीप्रमाणे, जेवलास का? जेवलो म्हटलं, आणि फोन ठेवून जेवायला बसलो.

रविवारी तिचा फोन येतो म्हणून रविवारी कुठे जाता येत नाही. एकदा स्पष्ट सांगायला हवं तिला. नाहीतर मला जायची ठिकाणं काय कमी आहेत?

१० सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या दुकानातल्या शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकला होता. आज घालून पाहिला तर डावा खांदा उतरलेला. इतक्या वर्षांचा शेजार, आणि शर्ट असा? त्याच्या दुकानात जाऊन सुनावलं. त्याने टेप काढली, शर्टाला लावली, मग मला लावली, आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "शर्ट सरळ आहे. तू वाकडा झालायस."

एवढ्यावर थांबेल तर तो शिंपी कसला? म्हणे, तुझं गिऱ्हाईक हल्ली फ्रेम हातात घेतं आणि मान तिरकी करतं, बघितलंस का कधी? परवा तर तू दुकानासमोरून एका चपलेने गेलास. एकदा डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, ज्याने जन्मभर लोकांच्या गळ्याशी खेळ केला त्याने दुसऱ्याच्या मानेबद्दल बोलू नये.

आजपासून बोलणं बंद. चारचा चहा आम्ही दोघं माझ्या काउंटरवर घेतो. आज एकट्याने घेतला. एकट्याने चहा जास्त चांगला लागतो. चहावाल्याने सवयीने दोन ग्लास ठेवले होते, ते दोन्ही मीच प्यायलो. दुसरा तोवर गार झाला होता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काच फुटली. डाव्या हातात धरली होती, हातातून कधी गेली कळलंच नाही, आवाजानेच समजलं. हल्ली काचाच निसरड्या येतात.

कानात मळ असला तर तोल जातो असं ऐकून होतो, म्हणून केवळ कान दाखवायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. कान स्वच्छ निघाले. मग त्यांनी सरळ रेषेत चालायला सांगितलं. चाललो. मध्ये कपाट आलं. गुडघ्यावर छोटा हातोडा मारून झाला. मग तळव्यावरून किल्ली फिरवली. डाव्या तळव्याला काही झालं नाही म्हणून परत फिरवली, परत. मी सांगितलं की लहानपणापासून मला गुदगुल्या होतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, उजव्या पायाला झाल्या की.

मेंदू आणि नसांच्या स्पेशालिस्टकडे जा म्हणाले. लवकर जा, असंही म्हणाले. पण डॉक्टर लोक सगळंच लवकर करा म्हणतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

विचार केला. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की केस वाढलेले असोत-नसोत, तो थोडे कापतोच. स्पेशालिस्टचं तेच. गेलं की काहीतरी निघणारच. न गेलं तर निघायचा प्रश्नच नाही. शिवाय दुखत कुठेच नाही. दुखत नाही तो आजार कसला? उलट डावा पाय तर इतका शांत आहे की आहे की नाही तेही कळत नाही.

संकल्प: सकाळी चालणे, पायाला तेल, डोळ्यांचे व्यायाम. उद्यापासून.

१५ सप्टेंबर, रविवार

आज रविवार, म्हणून सोमवारपासून.

ताईचा फोन आला नाही. दुपारी रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू होती. मी लावायचा विचार केला, पण मग तिला वाटलं असतं की मला काहीतरी झालंय.

१६ सप्टेंबर, सोमवार

स्पेशालिस्टच्या दवाखान्यात फोन केला. फक्त पत्ता विचारायला. पत्ता कळलेला बरा असतो, जायचं नसलं तरी. फोनवरच्या बाईने पत्ता सांगितला, नाव विचारलं आणि गुरुवारी अकराची वेळ देऊन मोकळी झाली. वर म्हणे, सोबत कोणीतरी घेऊन या.

कशाला, असं विचारलं. म्हणाली, तपासणीनंतर चक्कर येऊ शकते, एकट्याला सोडत नाही आम्ही. आणि डॉक्टर जे सांगतात ते दोघांनी ऐकलेलं बरं. एकट्याच्या डोक्यात राहत नाही. मी म्हटलं, माझ्या डोक्यात सगळं राहतं. तिने विचारलं, सोबत कोण येणार, लिहून घेते.

साडू, म्हटलं. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. साडू असायला आधी बायको लागते, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. तितकी हुशार नसावी. माझ्याही ध्यानात फोन ठेवल्यावरच आलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

जायचं नाही हे ठरलेलंच आहे. पण जायचं असतं तर कोणाला नेलं असतं, याचा सहज विचार केला.

ताईला सांगितलं तर ती त्या गुडघ्यांनी धडपडत येईल, वाटभर रडेल आणि मग महिनाभर राहील. शिंप्याशी बोलणं बंद. मग शाळेतला बाकमित्र आठवला. नंबर शोधून फोन लावला. मुलाने उचलला. म्हणाला, काका, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तुम्हाला कळवलं होतं.

कळवलं होतं खरं. त्यांच्या घरी भिंतीवर त्याचा फोटो आहे, त्याची फ्रेम मीच केलेली आहे. फोन ठेवल्यावर आठवलं.

असो. साडूच बरा. कुठे यायचा नाही, कुठे जायचा नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

चहावाल्याला सहज सांगितलं की उद्या अकराला मोठ्या बँकेच्या वर जो स्पेशालिस्टचा दवाखाना आहे तिथे जायचंय, सोबत साडू येणार आहे. त्याला दोनदा सांगितलं. चहावाला कानाने थोडा कमी आहे, म्हणून आवाज चढवावा लागला. शेजारचं शिलाई मशीन मध्येच थांबलं. मी काही त्या मशीनवाल्यासाठी बोलत नव्हतो. थोड्या वेळाने मशीन परत सुरू झालं.

चहावाल्याने विचारलं, काका, तुम्हाला साडू कुठला? लांबचा, म्हटलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी

जायचं नाही. पण नाही म्हणायचं तर फोनवर कशाला? प्रत्यक्ष जाऊन सांगणं ही माणुसकी. तेवढ्यासाठी जाऊन येतो. इस्त्रीचा शर्ट तो वाकडाच उरलाय, तोच घातला. लेसचे बूट घ्यायचे राहिले. शिंप्याच्या दुकानासमोरून मान ताठ ठेवून जाणार आहे.

सकाळी अकरा, दवाखान्यात

बरं झालं वही खिशात होती. इथे जो तो दोघांनी आलाय. एका म्हाताऱ्याची फाइल त्याची सून सांभाळतेय. एका तरुणाची आई त्याच्या शर्टाचं बटण लावतेय. तो लावू देतोय.

फोनवरची बाई काउंटरला आहे. विचारलं, साडू? गाडी लावतोय, म्हटलं. आलोच आहे तर लगेच नाही कशाला म्हणायचं, म्हणून बसलो. बसल्यावर पाहिलं तर डावी चप्पल नाही. पाय खुर्चीखाली घेतला.

समोरच्या भिंतीवर होडीचं चित्र आहे. इतकं वाकडं की सगळं पाणी फरशीवर सांडेल. नसांचा एवढा मोठा दवाखाना, आणि एक फ्रेम सरळ टांगता येऊ नये?

साडेअकरा

फ्रेम सरळ केली. काउंटरची बाई उठली आणि परत वाकडी करून बसली. ती फोनवर बोलायला लागल्यावर मी परत सरळ केली. आता म्हाताऱ्याची सून मान तिरकी करून होडीकडे बघतेय. शाळेतली मुलं अशीच करत असतील.

पावणेबारा

बाईने सगळ्यांसमोर विचारलं, अजून गाडीच लावतायत का? तुमच्या भागात पार्किंगची फार गैरसोय आहे, म्हटलं. यानंतर माझा नंबर. ती खण उघडून काहीतरी शोधायला लागली की निघायचं. पायात एकच चप्पल आहे, पण जिना उतरायला तेवढी पुरते.

संध्याकाळी

तिने खण उघडला. मी उठलो. आणि दारातून शिंपी आत आला. गळ्यात टेप तशीच, आणि हातात कागदाच्या पिशवीत माझी चप्पल. त्याच्या उंबऱ्याशीच सुटली होती म्हणे, मान ताठ असल्यामुळे मला दिसली नव्हती.

बाईने विचारलं, "लागली का गाडी एकदाची?"

शिंप्याकडे साधी सायकल नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. खुर्चीशी उभ्या माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मग बाईला म्हणाला, "लागली. जागाच मिळत नव्हती."

खाली वाकून त्याने चप्पल माझ्या पायात घातली. ती पायात गेल्याचं मला त्याच्या बोटांकडे बघूनच कळलं.

डॉक्टर बाई तरुण आहेत, आवाज हळू. त्यांनी खोलीत अंधार करून हातात काठी दिली आणि बरोबर उभी धरा म्हणाल्या. हे तर माझं रोजचं काम. धरली. याहून सरळ काठी कोणी धरून दाखवावी. बाईंनी दिवा लावला. शिंप्याने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलेल, हा तर गप्प बसणाऱ्यातला नव्हे. तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

मग बाई बराच वेळ बोलल्या. सोमवारी मेंदूचा फोटो काढायचाय, मशीनमध्ये निजून. त्यानंतरचं त्या काय म्हणाल्या त्यातलं माझ्या डोक्यात निम्मंच राहिलं. उरलेलं शिंप्याकडे आहे. विचारीन कधीतरी.

जिना उतरताना त्याने माझं डावं कोपर धरलं होतं. मी विचारलं, गाडी कुठे लावलीस? तर म्हणे, "तुझ्या साडूला विचार."

चारला चहावाल्याने दोन ग्लास ठेवले. दोन्ही गरम होते.

रविवारी ताईला सांगावं म्हणतो. तिचे गुडघे सांगून झाले की.

उद्या सकाळी शाळेत जायचं. सगळे मुख्याध्यापक खाली उतरवून नव्याने टांगायचे. खिळे मीच ठोकीन. सरळ कुठलं ते शिंपी सांगेल.