एक जूनला जन्मलेले एकसष्ट जण

लातूर, ४ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप मार्तंडमामांना सिद्धेश्वरचा साष्टांग दंडवत. आपल्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून टाकतो (इकडं सगळे खुशाल आहेत, मामींना सांगावं), कारण पुढं मी रागावणार आहे आणि मग ती राहून जाईल.

येत्या तीस तारखेला भूकंपाला तीस वर्षं होतात. त्या दिवशी विखुरलेलं गाव एकत्र आणीन, एकालाही वगळणार नाही, असं वचन मी भर सभेत दिलं, तेव्हा आपण पहिल्या रांगेत होतात. चारशे बारा नावं मी संगणकात भरली. त्यांत दहा-बारा दोनदा आली (बापानं एकदा सांगितलं, सुनेनं पुन्हा). दुबार नावं काढायला एस.क्यू.एल. नावाची संगणकाची भाषा लागते. आमच्या खाली नीटची शिकवणी, वर जेईईची. पण या गल्लीत कुणाला काही विचारावं, तर आधी चार पर्याय मागतात! म्हणून इंटरनेटवरच्या एका मराठी मदत-गटात गेलो.

मामा, काय ती माणसं! मी लिहिलं, "नमस्कार मंडळी, सगळे बरे आहात ना?" उत्तर आलं, "थेट प्रश्न टाका." अहो, आपल्याकडं भांडायला आलेला माणूससुद्धा आधी पाणी पितो! मी भूकंपापासून सुरुवात करून अकरा परिच्छेद लिहिले. त्यावर 'उपाशी पेंग्विन' नावाचा इसम (बारशाला कोण गेलं असेल याच्या?) विचारतो, "टेबलात रकाने कोणते?" तीस वर्षांच्या दुःखाचे रकाने! सांगितले: नाव, आडनाव, जन्मतारीख, फोन. तो म्हणाला, "पहिले तिन्ही जुळले तर माणूस एकच." आणि दोन ओळींची क्वेरी (म्हणजे त्या भाषेतला हुकूम) पाठवली. मी चालवली. एकसष्ट माणसं गेली.

पाच बसवंत पाटील होते, एक उरला. चार सिंधू बिरादार होत्या, एक उरली. सगळ्यांचा जन्म एक जूनचा! मी गटाला ठणकावलं, की आमच्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजी एक जूनच लिहायचे आणि साल वर्ग बघून ठरवायचे. एवढं ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आमची माणसं मोजू नयेत! पेंग्विन म्हणाला, "काका, हे अकरा परिच्छेदांत कुठंच नव्हतं." उद्धटपणाची हद्द झाली! ज्यांना धरणीनं सोडलं, त्यांना एका बटणानं पुसायला लावलं या लोकांनी.

आपला संतप्त भाचा,
सिद्धेश्वर पाटील

ता. क. पेंग्विननं "आधी यादीची प्रत काढून ठेवा" असं तीनदा लिहिलं होतं. मला तो माझ्या कुवतीवरचा संशय वाटला, म्हणून काढली नाही.

आणखी एक. ते एक जूनवाले गुरुजी आपणच. तेव्हा ट्रंकेतली जुनी हजेरीपुस्तकं घेऊन रविवारच्या निलंगा-लातूर एसटीनं या. कोणता बसवंत कुणाचा, हे आता आपल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

शेवटचं. यादीत सिद्धेश्वर पाटीलही तीन होते. उरला तो मी नव्हे, उदगीरचा. हे ध्यानात येण्याआधीच निमंत्रणं त्या उरलेल्या यादीवरून गेली, त्यामुळं प्रमुख वक्ता म्हणून माझ्या नावाचं पत्र त्याला मिळालंय. तो येतोय, आणि किती तास बोलू म्हणून मलाच विचारतोय.